जिओपॉलिमरच्या ठोकळ्याला परत परत लोणा लागतो, सीझियम पाण्यात उतरतं : दोष कुठे शोधायचा

"मॅडम, परत पांढरं आलंय."

पावसाळा लागला की आमच्या प्रयोगशाळेत हे वाक्य ठरलेलं. विद्यार्थी हातात ट्रे घेऊन दारात उभा, ट्रेमध्ये ५० मिलिमीटरचे नऊ घन, आणि प्रत्येकाच्या वरच्या कडेला पांढरी मऊ लव. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागतो ना, अगदी तसा. बोटाने पुसला की निघतो, आठवड्याने पुन्हा उगवतो. हेच घन २८ दिवसांच्या दाबचाचणीत छान पास झालेले असतात. मात्र लीचिंगला, म्हणजे शुद्ध पाण्यात बुडवून आतलं किती बाहेर येतं ते पाहायला ठेवले, की आम्ही आत घातलेलं सीझियम पाण्यात अपेक्षेपेक्षा जास्त उतरतं. मिश्रण बदललं की दोन-तीन आठवडे सगळं ठीक वाटतं आणि मग दोन्ही तक्रारी जोडीनेच परततात.

या एका दुखण्यावर आम्ही तीन पावसाळे घालवले. मेटाकाओलिन (भाजलेली चिनी माती) किंवा फ्लाय अ‍ॅशचा जिओपॉलिमर, म्हणजे सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ, करून त्यात किरणोत्सारी कचरा बंदिस्त करण्यावर जे काम करतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची गाडी इथेच अडलेली मी पाहिली आहे. म्हणून आम्ही कुठे कुठे शोधलं आणि शेवटी काय हाती लागलं, ते सविस्तर लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. आम्ही खरा किरणोत्सारी कचरा हाताळत नाही. निसर्गात मिळणारं, किरणोत्सार नसलेलं सीझियम-१३३ वापरतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते कचऱ्यातल्या किरणोत्सारी सीझियम-१३७ सारखंच वागतं. खऱ्या कचऱ्याचं काम परमाणु ऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीच्या जागीच होतं आणि तिथेच व्हायला हवं. तरीही घन करताना लागणारं कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) हे कॉस्टिकच. गॉगल, हातमोजे आणि चालू फ्यूमहूड (वाफा ओढून घेणारं कपाट) हवाच. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही.

हा खटाटोप कशासाठी

अतिशय तीव्र कचऱ्याची काच केली जाते. आपल्याकडे तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम इथे ते काम चालतं. पण अणुकेंद्रातला बराचसा कचरा तेवढा तीव्र नसतो. गाळ, पाणी शुद्ध करायला वापरून संपलेले आयन-एक्स्चेंज रेझिनचे मणी, आटवलेली क्षारद्रावणं असा तो असतो आणि नेहमीचा रस्ता म्हणजे तो सिमेंटमध्ये घट्ट करणं. स्ट्रॉन्शियमला सिमेंट बऱ्यापैकी धरतं. सीझियमला मात्र साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये बसायला जागा नाही. ते छिद्रांतल्या पाण्यात मोकळं फिरतं. म्हणून सिमेंटमध्ये व्हर्मिक्युलाइट किंवा बेंटोनाइट ही खनिजं घालून ते अडवावं लागतं.

जिओपॉलिमरचं तसं नाही. हा शब्द फ्रान्सच्या जोसेफ डेव्हिडोव्हिट्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केला. भाजलेली चिनी माती, म्हणजे मेटाकाओलिन, किंवा औष्णिक केंद्राची राख कॉस्टिक आणि सोडियम सिलिकेटमध्ये कालवली की सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचं त्रिमितीय जाळं तयार होतं. जाळ्यातल्या प्रत्येक अ‍ॅल्युमिनियमपाशी एक ऋण प्रभार उरतो. तो फेडायला एक धन आयन लागतो, आणि त्या खुर्चीत सोडियम बसतो, पोटॅशियम बसतो, सीझियमही बसतो. शिवाय हे सगळं भट्टीशिवाय होतं. काच वितळवताना सीझियम वाफ होऊन निसटू लागतं, ती भीती इथे नाही.

हे कागदावरचं नाही. स्लोव्हाकियातल्या यास्लोव्स्के बोहुनित्से इथल्या ए-१ अणुभट्टीत १९७७ मध्ये अपघात झाला आणि भट्टी कायमची बंद पडली. तिथे साचलेला गाळ नेहमीच्या सिमेंटला जुमानणारा नव्हता. तो 'सियाल' नावाच्या जिओपॉलिमर मिश्रणात, साध्या तापमानाला, पिंपातच घट्ट करण्यात आला. पुढे चेक प्रजासत्ताकातल्या केंद्रांमध्येही हीच पद्धत वापरली गेली.

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य साधारण ३० वर्षांचं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे ३०० वर्षं, ते आत राहिलं तर हजारातला एक भाग उरतो. पण त्याचा एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग घेतला तरी त्यात दर सेकंदाला सुमारे ३२ लाख विघटनं होतात. म्हणून 'थोडंसंच उतरलंय' असं म्हणून चालत नाही.

आधी पांढरं काय आहे ते ओळखा

आमची पहिली चूक हीच की आम्ही न तपासता उपाय करत सुटलो. एकाने घनांना इपॉक्सीचा लेप दिला. लोणा दिसेनासा झाला आणि चार महिन्यांनी लेपाखालून फुगून वर आला.

ती पावडर ब्लेडने काचपट्टीवर खरवडून घ्या. ड्रॉपरने सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडा आणि भिंगातून बघा. थेंब पडताक्षणी कडेने बारीक बुडबुड्यांची रांग उठते, पावडर सरसरत विरघळते आणि चिमूटभर ढिगाऱ्याच्या जागी स्वच्छ थेंब उरतो. असं झालं तर ते सोडियम कार्बोनेट. ठोकळ्यातला मोकळा सोडियम पाण्याबरोबर पृष्ठभागावर आला आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याला तिथेच पकडलं. आम्ल टाकूनही थेंब शांत राहिला आणि पावडर नुसती विरघळली, तर नायट्रेटची पट्टी लावून बघा. वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून निघणाऱ्या कचऱ्याची नक्कल करताना सोडियम नायट्रेट भरपूर असतं. जिओपॉलिमर त्याला रासायनिकरीत्या धरतच नाही. ते छिद्रांत बसतं आणि पाणी मिळालं की बाहेर निघतं. हा वेगळा आजार आहे. त्यावर उपाय दोनच, कचऱ्याचं प्रमाण कमी करणं किंवा नायट्रेट आधीच काढून टाकणं.

आमचं कार्बोनेट निघालं. पिंप बंद असेल तर आत हवा जवळजवळ नाहीच. मग लोण्याने एवढं काय बिघडतं, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. पांढरी लव स्वतः काही बिघडवत नाही. पण ठोकळ्यात जाळ्याला न बांधलेला अल्कली शिल्लक आहे आणि आतून बाहेरपर्यंत एकमेकांना जोडलेली छिद्रं आहेत, या दोन गोष्टींचा ती पुरावा आहे. सीझियम याच वाटेने बाहेर पडतं. म्हणून दोन्ही तक्रारी जोडीने येतात.

लोणा कधी उगवेल याची वाट बघत बसू नका. घन ताटलीत पाच मिलिमीटर पाण्यात उभा करा आणि आठवडाभर उघड्यावर ठेवा. पाणी वर चढतं, वरच्या भागातून उडतं आणि पाण्याच्या रेषेच्या वर बोटभर अंतरावर पांढरा पट्टा उमटतो. किती उमटला यावरून दोन मिश्रणांची तुलना आठवड्यात होते, पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही.

कचऱ्याचा हिशेब मिश्रणात धरलाय का

खरा दोष आम्हाला इथे सापडला, म्हणून यावर जरा थांबते.

सगळेजण मिश्रणाचं गणित कोऱ्या ठोकळ्यासाठी करतात. ते जमलं की त्यात 'इतके टक्के कचरा' टाकतात, जणू तो वाळूसारखा गप्प पडून राहणार आहे. कचरा गप्प राहत नाही. तो पाणी आणतो, कधी अल्कली आणतो, कधी असलेला अल्कली खातो.

आमचंच उदाहरण. एक किलो मेटाकाओलिन. ते शुद्ध धरलं तर त्यात अ‍ॅल्युमिना ४.५ मोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक), म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ९ मोल. आम्ही सिलिका-अ‍ॅल्युमिना गुणोत्तर ३.८ ठेवलं, सोडियम ऑक्साइड-अ‍ॅल्युमिना १, आणि पाणी-सोडियम ऑक्साइड ११. म्हणजे सोडियम ९ मोल आणि पाणी सगळं मिळून ४९.५ मोल, साधारण ८९० ग्रॅम. यात सिलिकेटमधलं पाणी आणि कॉस्टिकचं पाणीही आलं. कोरा ठोकळा उत्तम झाला.

मग त्यात ३०० ग्रॅम ओला गाळ घातला. गाळात ७० टक्के पाणी, म्हणजे २१० ग्रॅम, ११.७ मोल. पाण्याचं गुणोत्तर ११ वरून थेट १३.६ वर गेलं. कुणी आकडेमोड केलीच नव्हती, कारण 'पाणी आम्ही वाढवलं नाही' असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. जिओपॉलिमरमध्ये पाणी सिमेंटसारखं रासायनिकरीत्या बांधलं जात नाही. पोर्टलँड सिमेंट पाणी पिऊन ते आपल्या नव्या संयुगांत बांधून घेतं. इथे पाणी बहुतांशी फक्त वाहन असतं. अभिक्रिया झाली की ते छिद्रांत उरतं आणि जितकं जास्त, तितकी छिद्रं मोठी आणि जोडलेली. पुढे प्रत्यक्ष किरणोत्सारी कचऱ्यात हेच पाणी गॅमा किरणांनी तुटून हायड्रोजन वायू देतं, ते आणखी एक दुखणं.

आता अल्कली. त्या गाळातलं पाणी कॉस्टिकयुक्त होतं, लिटरला दोन मोल. त्यातून ०.४२ मोल सोडियम आला. ९ चे ९.४२ झाले. फरक छोटा दिसतो. पण गणितातला '१' आपण एकूण अ‍ॅल्युमिनियमवर काढलेला असतो. मेटाकाओलिनमधला अ‍ॅल्युमिनियम समजा ८० टक्केच जाळ्यात गेला, तर खऱ्या खुर्च्या ७.२ मोल आणि बसणारे ९.४२. दोन मोलहून अधिक सोडियम उभाच राहिला. तोच पावसाळ्यात पांढरा होऊन बाहेर येतो.

उलटही घडतं. दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीच्या आटवलेल्या द्रावणात बोरिक आम्ल असतं. पन्नास ग्रॅम बोरिक आम्ल म्हणजे ०.८ मोल, आणि तेवढंच कॉस्टिक ते गिळतं. ९ पैकी ०.८ गेलं की मेटाकाओलिन नीट विरघळत नाही आणि ठोकळा दोन दिवसांनीही नखाने कोरता येतो.

सुधारणा साधी आहे, करायला मात्र कष्टाची. प्रत्येक नव्या कचऱ्याचे तीन आकडे काढा. १०५ अंशांना वाळवून पाणी किती. आम्ल-अल्कली अनुमापनाने मोकळा अल्कली किती, की उलट आम्लच. आणि सोडियम, पोटॅशियम एकूण किती. मग कचऱ्यातलं पाणी मिश्रणाच्या पाण्यातून वजा करा, कचऱ्यातला सोडियम कॉस्टिकमधून वजा करा. आमच्या गाळाच्या बाबतीत वजाबाकी पुरेना, कारण सिलिकेटच इतकं पाणी आणत होतं की वरून घालायचं पाणी शून्याच्या खाली जाई. तेव्हा गाळ आधी दाबून पाणी काढावं लागलं. ७० टक्क्यांवरून ५० वर आणला आणि त्याच आठवड्याच्या ताटली-चाचणीत पांढरा पट्टा केसाएवढा उरला.

सीझियमला खुर्च्या कमी पडतात, हा समज मात्र काढून टाका. आम्ही किलोला १० ग्रॅम सीझियम घालतो, म्हणजे ०.०७५ मोल. खुर्च्या ९ मोल, सव्वाशेच्या आसपास पट. प्रत्यक्ष कचऱ्यात सीझियम याहूनही फार कमी असतं. जागेची टंचाई नाही. जाळं पुरतं तयार झालंय का आणि वाट अरुंद आहे का, एवढाच प्रश्न आहे.

पोतं, डबा आणि बरणी

हिशेब बरोबर येऊनही लोणा आला, तर कच्च्या मालाकडे जा.

मेटाकाओलिन ६०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात भाजलेलं हवं. कमी भाजलं तर कच्चं काओलिन उरतं. एक्स-रे आलेखात १२.४ अंशांपाशी टोक दिसलं तर समजा ते कच्चं आहे. फार भाजलं तर म्युलाइट या स्फटिकाकडे झुकतं आणि कॉस्टिकला दाद देत नाही. दोन्ही वेळा खुर्च्या घटतात, सोडियम तेवढाच राहतो. आणि पोतं कसं ठेवलंय ते बघा. आमचं पोतं रबर लावून कोपऱ्यात उभं असायचं. जुलैत त्यातली १०० ग्रॅम पावडर ओव्हनमध्ये ठेवली तर सकाळी ९७ भरली. किलोमागे ३० ग्रॅम पाणी, न मोजलेलं.

कॉस्टिकच्या गोळ्यांचा डबा महिनाभर उघडा-बंद होत राहिला की गोळ्यांवर पांढरी साय धरते. ती कार्बोनेटची. तुम्ही ४०० ग्रॅम तोलता, पण त्यातलं खरं कॉस्टिक कमी असतं आणि कार्बोनेट तुम्ही स्वतःच्या हाताने आत घालता. पावसाळ्यात दर नव्या द्रावणाचं अनुमापन करा. सोडियम सिलिकेटचं मॉड्यूलस (सिलिका आणि सोडियम ऑक्साइडचं प्रमाण) तर बॅचगणिक बदलतं. पुरवठादाराच्या कागदावर न विसंबता घनता तरी मोजाच.

फ्लाय अ‍ॅश वापरणाऱ्यांची अडचण आणखी मोठी. महाराष्ट्रात राखेला तोटा नाही. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे, कुठूनही मिळते. पण कोळसा बदलला की राख बदलते. भारतीय मानक ३८१२ मध्ये जळून घटणाऱ्या वस्तुमानाची मर्यादा ५ टक्के आहे, ती पाळलेली राखही काचेसारख्या भागाच्या प्रमाणात वेगवेगळी निघते. विटांना, पेव्हर ब्लॉकला ते चालतं. ३०० वर्षांच्या कामासाठी माझं मत मेटाकाओलिनकडे झुकतं. महाग आहे, पण पुढच्या पोत्यात काय असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं.

मुरवणं

मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी होते की साच्यातून काढलेला घन टेबलावर ठेवला तर दुपारपर्यंत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. त्या रेघांतून लीचिंग जोरात होतं आणि आपण दोष मिश्रणाला देतो. साचा भरला की लगेच वर प्लास्टिकची फिल्म. पहिले २४ तास खोलीच्या तापमानाला, मग झाकलेलाच ४० ते ६० अंशांना एक दिवस, मग साच्यातून काढून पुन्हा फिल्ममध्ये गुंडाळून २८ दिवस. घाई करून ८० अंशांच्या उघड्या ओव्हनमध्ये ठेवलेला घन पहिल्या आठवड्यात ताकद छान दाखवतो. त्या आकड्याला भुलू नका. बारीक क्वार्ट्‍झची वाळू घातली तर आकुंचन कमी होतं. आम्ही ती घालतोच.

मुरलंय की नाही याची आमची ढोबळ परीक्षा अशी. ठोकळ्याचा तुकडा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायचा. पाणी स्वच्छ राहिलं, कडा शाबूत राहिल्या, तर पुढे जायचं. पाणी गढूळ झालं तर नव्वद दिवसांच्या लीचिंगवर वेळ घालवायचाच नाही.

लीचिंगचा आलेख वाचताना

अमेरिकन न्यूक्लियर सोसायटीच्या एएनएस १६.१ या लीचिंगच्या प्रमाण पद्धतीत पाणी २ तास, ७ तास, २४ तास, मग पाचव्या दिवसापर्यंत रोज, आणि शेवटी १९, ४७ आणि ९० व्या दिवशी बदलतात. पाण्याचं घनफळ ठोकळ्याच्या पृष्ठभागाच्या दहापट, सेंटिमीटरात. शेवटी एक निर्देशांक निघतो, जितका मोठा तितकं कमी बाहेर येतं. तो ६ च्या वर असला की मान्य. हा लॉगरिदमचा आकडा आहे. ७ आणि ८ मध्ये विसरणाच्या (पदार्थ छिद्रांतून पसरत जाण्याच्या) वेगाचा दहापट फरक असतो.

पण नुसता निर्देशांक दोष दाखवत नाही, आलेख दाखवतो. एकूण उतरलेलं सीझियम काळाच्या वर्गमुळासमोर मांडा. सरळ रेघ आली तर आतून छिद्रांवाटे विसरण चालू आहे. म्हणजे पाणी कमी करा, जाळं दाट करा. पहिल्या दोन वाचनांत उडी आणि पुढे सपाट, तर ते पृष्ठभागावरचं धुऊन गेलं. अशा वेळी घन कसे गुंडाळले, साच्याच्या भिंतीला द्रव सुटला का, ते बघा. आणि रेघ वर वळत गेली तर ठोकळाच विरघळतोय किंवा तडकतोय. त्याच पाण्यात सिलिकॉनही मोजा, उत्तर मिळेल.

इथे एका जागी आम्ही वर्षभर फसलो. सीझियम आम्ही ज्वाला-पद्धतीने मोजत होतो. ज्वालेत सीझियमचे अणू सहज आयन होतात आणि संकेत घटतो. पाण्यात सोडियम भरपूर असला की हे आयनीभवन दबतं आणि संकेत वाढतो. आमची प्रमाण द्रावणं शुद्ध पाण्यातली होती, तर लीचिंगचं पाणी सोडियमने भरलेलं. पहिल्या दोन दिवसांचं सीझियम आम्हाला खऱ्याहून जास्त दिसत होतं. प्रमाण द्रावणं आणि नमुने, दोन्हींत पोटॅशियम क्लोराइड सारखंच आणि भरपूर घातल्यावर ती 'पहिली उडी' बरीच खाली बसली. म्हणून मिश्रण बदलण्याआधी मोजमाप तपासा.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

साच्यात ओतल्यावर मिश्रण पावासारखं फुगलं तर कुठेतरी मूलद्रव्य स्वरूपातला धातू आहे. कचऱ्यात अ‍ॅल्युमिनियमचा कीस असेल तर कॉस्टिकमध्ये तो हायड्रोजन देतो. काही सिलिका फ्यूममध्ये (सिलिकाची अतिबारीक पावडर) सिलिकॉन धातूचे कण असतात, तेही देतात. सिलिका फ्यूम कॉस्टिकमध्ये आदल्या दिवशी कालवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. हे झाकण घट्ट लावून करू नका, आणि जवळपास ज्योत नको.

मिश्रण दहा मिनिटांत दगड झालं तर बहुधा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) जास्त आहे किंवा कॉस्टिकचं द्रावण गरमच वापरलं. ते रात्रभर थंड होऊ द्या.

रेझिनचे मणी घातलेला ठोकळा पाण्यात ठेवल्यावर आठवड्यात उकलला, तर मणी कोरडे घातले होते. ते आत पाणी पिऊन फुगले. आधी पूर्ण भिजवा, वरचं पाणी निथळवा, त्यांच्या पोटातलं पाणी हिशेबात धरा.

घनात जे जमलं ते २०० लिटरच्या पिंपात जमेलच असं नाही. अभिक्रियेची उष्णता मधोमध कोंडते, गाभा बाहेरच्या थरापेक्षा खूप तापतो आणि आरपार तडा जातो. निदान वीस लिटरच्या बादलीत तापमापी खुपसून एकदा बघितल्याशिवाय पिंपाची भाषा करू नये.

आणि कचऱ्यातल्या टेक्नेशियम, आयोडीन यांना धरण्याची अपेक्षा या जाळ्याकडून ठेवू नका. ते ऋण आयन म्हणून फिरतात आणि इथल्या खुर्च्या धन आयनांसाठी आहेत. टेक्नेशियमसाठी स्लॅगमधल्या सल्फाइडसारखं क्षपणकारक लागतं, आयोडीनसाठी चांदीयुक्त झिओलाइट. मिश्रणात त्यांची वेगळी सोय केल्याशिवाय जिओपॉलिमरला दोष देणं बरोबर नाही.

पोटॅशियम घातलं की लोणा जातो?

हे खूप जण सांगतात आणि आम्हीही केलं. सोडियमऐवजी पोटॅशियमचं कॉस्टिक आणि सिलिकेट घेतलं. द्रावण पातळ, त्यामुळे पाणी कमी लागलं. हा खरा फायदा आहे. घन राखी आणि स्वच्छ, ऑगस्टमध्येही एक पांढरा ठिपका नाही. विद्यार्थी फार खुश होता.

मी त्यातला एक घन मोडायला सांगितला आणि ताज्या तुटलेल्या कडेवर अल्कली असेल तर गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकलं. गडद गुलाबी. मग घनाच्या वरच्या पृष्ठभागावर टिपकागद दाबला. तो ओलसर झाला आणि फिनॉल्फ्थॅलिन टाकल्यावर तोही गुलाबी. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात त्याचे स्फटिक टिकतच नाहीत. लोणा गेला नव्हता, नुसता पातळ होऊन पसरला होता. मोकळा अल्कली तेवढाच होता. शिवाय पोटॅशियम आकाराने सीझियमच्या जवळचं, त्यामुळे त्याच्या खुर्चीवर दावा सांगायला सोडियमपेक्षा पुढे. "अरे, ताटलीवर पट्टा नाही म्हणून वहीत 'बरा झाला' लिहू नकोस," एवढंच मी त्याला म्हटलं.

आता आम्ही पोटॅशियमच ठेवलंय, पण अल्कलीचं गुणोत्तर ०.९ वर आणून, दाबलेला गाळ घेऊन आणि अ‍ॅल्युमिनियम वाढवायला थोडं हाय-अ‍ॅल्युमिना सिमेंट घालून. पट्ट्याऐवजी टिपकागद आणि पाण्याची वाहकता बघतो. या बॅचचे सहा घन मांडणीवर डब्यांत बुडालेले आहेत. ४७ व्या दिवसाचं पाणी गेल्या सोमवारी बदललं. पुढचा बदल ९० व्या दिवशी. पाच डब्यांतली वाहकता एकसारखी उतरत्या रेघेवर आहे. सहाव्याची उतरत नाही. त्या घनाच्या खालच्या कोपऱ्यावर नखाएवढी चीर दिसते, आणि ती साच्यातून काढताना पडली की आतल्या आकुंचनाने, ते घन कापल्यावरच कळेल.